न चिरणारी भाकरी

भाकरी पर्समध्ये ठेवू नये. कितीही कापडात गुंडाळा, वरून डबा लावा, तिचा वास पर्सच्या अस्तरात जाऊन बसतोच. मग शाळेच्या मीटिंगमध्ये नुसता रुमाल काढला तरी शेजारची बाई नाक वळवून बघते. गेली काही वर्षं माझ्या प्रत्येक पर्सला ज्वारीचा वास आहे. नांदेडातलं एकही मंगल कार्यालय असं नसेल, जिथं हात धुवायच्या जागेमागं उभं राहून किंवा कुणाच्या तरी खोलीचं दार लोटून मी भाकरी-चटणी गिळलेली नाही.

एकदा अशीच एका लग्नात कोपऱ्यात पाठ करून खात होते. नवरीच्या मावशीनं बघितलं. "अगं बाई! पुढं पंगत बसलीय की, तुमाला कुणी बोलावलंच न्हाई का?" म्हणून तिनं असा गलका केला की नवरीचे वडील धावत आले आणि हात जोडून उभे राहिले. त्यांच्या घरचं कार्य, मंडपात पुऱ्यांचा ढीग, आणि एक पाहुणी चोरासारखी भाकरी खातेय. त्यांना वाटलं मी रुसले. मला वाटलं जमीन दुभंगावी. तोंडात घास होता, त्यामुळं धड काही सांगताही येईना.

मला सिलिॲक आहे. गव्हात जो चिकटपणा असतो, ज्याच्यामुळं पोळी लाटता येते आणि पाव फुगतो, तो माझ्या आतड्यांना सोसत नाही. थोडासा गेला तरी पोट बिघडतं, आणि आतून झीज होत राहते ती वेगळीच. हे कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं. तोवर 'हिच्या अंगाला काही लागतच नाही' हे सगळ्यांकडून ऐकून झालं होतं. मी हायस्कूलला गणित शिकवते. फळ्यावर उदाहरण अर्धं टाकून बाथरूमकडं पळणारी बाई पोरांच्या किती वर्षं लक्षात राहते, ते मला विचारा. शेवटी एका डॉक्टरांनी घशातून नळी घातली, आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि सांगितलं, "गहू बंद. मैदा, रवा, शेवया, सगळं. कायमचं."

"सणासुदीलाही?" मी विचारलं. ते हसले. हसण्यासारखं होतंच ते, पण मी मान खाली घातली.

आजारांतसुद्धा मानाचे आणि बिनमानाचे असतात. शुगर-बीपी मानाचे. चारचौघांत सांगता येतात, चहात साखर नको म्हटलं की यजमानीण कौतुकानं बिनसाखरेचा करून आणते. माझा आजार सांगायला गेलं की आधी पोटाचं सांगावं लागतं, आणि पोटाचं ऐकून लोक ताट सरकवतात. त्यात आमच्या मराठवाड्यात भाकरी रोजची आणि पोळी पाहुण्याची. पाहुणी म्हणून जाऊन भाकरी मागायची म्हणजे समोरच्यानं केलेला मान नाकारायचा. "गहू म्हंजे काय विष हाय का बाई? आमी काय मेलो का खाऊन?" असं मला तोंडावर विचारणारेही भेटले. त्यांना उत्तर देण्याइतकी मी भांडकुदळ आहे, पण लग्नाच्या मांडवात भांडता येत नाही.

मग मी उपास धरले. म्हणजे देवासाठी नाही, लाजेसाठी. कुठं जेवायला बोलावलं की, "आज उपास आहे." सोमवार, गुरुवार, प्रदोष, चतुर्थी, पंचांगात वार-तिथींना काय तोटा? भगर, साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी यांत गव्हाचा कण नसतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं असला हा प्रकार. पण त्याचा असा बोलबाला झाला की स्टाफरूममध्ये माझ्या कडक व्रतांची उदाहरणं द्यायला लागले. एक तरुण शिक्षिका तर लग्न जमत नाही म्हणून कुठला उपास धरू, हे मला विचारायला आली. मी तिला काहीतरी सांगितलं. ती मनोभावे करत होती, आणि मी तिच्या समोरून जाताना वेग वाढवत होते.

घरी मात्र लपवायचं काही नव्हतं. नवरा हिमायतनगरकडचा, खेड्यात वाढलेला. लग्नाआधी नांदेडात खोली घेऊन शिकताना हातानं भाकरी थापून खाल्लेला माणूस. मी लातूरच्या लिंगायत दुकानदाराची लेक. आमच्या घरात भाकरीला देवाखालोखाल मान, पण मला धाकटी म्हणून चुलीपासून लांब ठेवलेलं. पोळ्या मी बऱ्या करायचे. भाकरी थापायला बसले की परातीतच तिचे नकाशे होत. "पीठच बेकार आलंय," मी म्हणायचे. "हाव, अंगणच वाकडं हाय," नवरा म्हणायचा आणि बाह्या सारून बसायचा. कढत पाणी घालून पीठ कसं मळायचं, तळहाताची टाच कुठं दाबायची, हे मी या वयात नवऱ्याकडून शिकले. शेजारची आली की तो परात माझ्याकडं ढकलायचा. लाज त्यालाही होती.

गिरणीचं प्रकरण लवकरच लक्षात आलं. आधी कुणाचा तरी गहू दळलेला, मग आपली ज्वारी. त्या जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ आपल्याच डब्यात येणार. आम्ही घरघंटी घेतली. मग हिंग. डबीवरची बारीक अक्षरं नवऱ्यानं चष्मा कपाळावर चढवून वाचली, तर तिच्यात गव्हाचं पीठ. वर्षानुवर्षं वरणाच्या फोडणीतून मी गहू खात होते आणि पोळीला शिव्या देत होते.

पावाचा नाद मात्र माझाच. भाकरीवर माणूस जगतो, पण पावसाळ्यात चहाबरोबर पाव बुडवून खायची हौस भाकरीनं भागत नाही. बाहेरून मागवलेला बिनगव्हाचा पाव आला तो दगडासारखा. त्यानं खिळा ठोकता आला असता. मग मी स्वतः मागं लागले. तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, थोडं बटाट्याचं सत्त्व, यीस्ट, आणि चिकटपणासाठी इसबगोल. इसबगोलची पाकिटं मी इतकी आणली की औषधाच्या दुकानदारानं एक दिवस गल्ल्यावरून वाकून हळूच विचारलं, "मॅडम, डॉक्टरला दाखवलं का एकदा? इतकं बरं नव्हे." रांगेत माझ्या शाळेतल्या मुलीचे वडील उभे होते. पावासाठी नेतेय म्हणावं तर कुणाला पटणार? मी "हो, दाखवलंय" म्हणाले आणि निघाले.

पहिले पाव खालून कच्चे, वरून करपलेले. पुढचे मधून बसलेले. मग एकदा पीठ अगदी सैल, इडलीच्या पिठाहून थोडंसं घट्ट ठेवलं, झाकून कोमट जागी फुगू दिलं, आणि ओव्हनमधून जे निघालं त्याला खरोखर पाव म्हणता येत होतं. कापल्यावर आत जाळी होती. मी उभ्या उभ्या दोन कापं खाल्ली आणि नवऱ्यासमोर रडले. तो म्हणाला, "वांगं लावून खाऊन बघ, भारी लागंल." थोडक्यात, नांदेडात माझं बरं चाललं होतं.

बिघडायचं ते लातूरला जाऊन आल्यावर.

माहेरी आई, भाऊ आणि वहिनी. वडील गेले, दुकान भाऊ बघतो. माझं निदान झाल्यावर आई म्हणाली, "त्यात काय एवढं माय? भाकरी तर आपल्या घरची लक्ष्मी हाय. तू ये, मी घालते करून." आणि खरंच, मी गेले की माझी भाकरी आईच करायची. रोजचा स्वयंपाक वहिनीकडं असला तरी लेकीच्या भाकरीला आई कुणाला हात लावू द्यायची नाही. आमच्या गल्लीत आईची भाकरी नावाजलेली. पातळ, गोल, एकसारखी, कडेला एक चीर नाही. माझ्या भाकरीची कड भूकंप झाल्यासारखी फाटलेली असायची, म्हणून आईची भाकरी ताटात आली की मी तिच्याकडं बघतच राहायचे. भाकरी करताना आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. "मधी मधी कुणी आलं की हात बिघडतो," म्हणायची.

दोन दिवस राहून नांदेडला परतलं की माझं पोट जायचं. आठवडाभर अंथरूण. पहिल्यांदा वाटलं प्रवास बाधला. मग वाटलं लातूरचं पाणी. पण प्रत्येक खेपेला तेच व्हायला लागलं. रक्ताचा रिपोर्ट सुधारता सुधारता पुन्हा घसरला. हाडं ठिसूळ व्हायला लागली होती. डॉक्टरांनी या वेळी हसण्यावारी नेलं नाही. "तुम्ही कुठंतरी गहू खाताय. चोरून खात असाल तर सांगा," ते म्हणाले. माझ्यासारख्या बाईला, जी मंगल कार्यालयात चोरून भाकरी खाते, तिला चोरून पोळी खातेस का विचारलं.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "लातूर बंद कर काही दिवस."

"माहेर बंद करू?"

"मग मरतीस का माहेरासाठी?" तो चिडून बोलला, पण त्याचं खरं होतं. प्रश्न सरळ होता. आई सत्तरीच्या पुढं गेलेली. माहेर तोडायचं, की तिथं गहू कुठून येतो ते शोधायचं.

मी शोधायला लागले. गणिताची बाई असल्यामुळं एकेक गोष्ट वजा करत गेले. पुढच्या खेपेला आमच्या घरघंटीवरचं पीठ पिशवीत भरून नेलं. पोट बिघडलंच. त्याच्या पुढच्या खेपेला तवा आणि उलथनं नेलं. माहेरी जाताना स्वतःचा तवा घेऊन जाणारी लेक लातूर स्टँडवर माझ्याखेरीज कुणी नसेल. पिशवीतून तवा निघाल्यावर वहिनी क्षणभर बघत राहिली, मग तिनं तो घासून गॅसवर ठेवला. हिंगाची डबी मी तिच्या देखत बाहेर टाकली. तरी पोट बिघडलंच.

आता वजा करायला वहिनीच उरली होती. ती उदगीरकडची, अबोल. मला आक्का म्हणते. तिचं अबोलपण मला आधीपासूनच खुपायचं. पुढच्या खेपेला दुपारी मी भावासमोर, आईसमोर तिला विचारलं, "माझ्या तव्यावर पोळी भाजलीस का?"

"न्हाई आक्का. तुमचा तवा येगळाच ठेवलाय."

"भाजीच्या डावाला पिठाचा हात?"

"न्हाई."

"मग काय हवेतून येतो का गहू? दुसऱ्याच्या पोटाची फिकीर नसली की असंच होतं. की मी इथं येऊच नये, असं हाय तुझ्या मनात?"

भाऊ "अगं, अगं" म्हणाला. आई परात धूत होती. ती धूतच राहिली, बराच वेळ. वहिनीनं पदर खोचला आणि ती मागच्या दारानं वाळलेले कपडे काढायला गेली. संध्याकाळी आईनं मीठमोहरी घेऊन माझी दृष्ट काढली. जाळावर मोहरी तडतडली तशी म्हणाली, "बघ, किती लागली व्हती. कुणाची नजर लागून राहिली काय ठावं." मी वहिनीकडं बघितलं. मी अशी बघते तेव्हा समोरच्याला कळतं.

त्यानंतर मी गेले नाही. आईचे फोन यायचे, मी शाळेची कारणं सांगायचे. मग अधिकमास आला. तीन वर्षांनी येणारा हा महिना आमच्याकडं धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरण भरलेले गव्हाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे, लेक-जावयाला कपडे करायचे, तांदळाच्या अनारशांचं वाण दिव्यासकट द्यायचं. जावयाचं बोलावणं टाळता येत नाही. आईनं नवऱ्याला स्वतः फोन केला, "जावईबापू, पुढच्या धोंड्याला मी असंन नसंन." नवरा माझ्याकडं बघून म्हणाला, "जाऊ. पण तू तिथं फक्त अनारसे खायचे." अनारसा तांदळाचा, म्हणून माझा. पण अनारशावर किती जेवणार?

लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. घर भरलेलं. चुलतबहिणीचा नवा जावई, गल्लीतल्या बायका, बैठकीत पंखे आणून लावलेले. आईनं मला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवायच्या आधीच हात पदराखाली घेतला. "तुझी भाकरी मी करणारच हाय," ती कानात म्हणाली. "सगळे धोंडे खातील आन् माझी लेक कोरडी बसंल व्हय?" मी पिठाची पिशवी तिच्याकडं दिली. नवऱ्यानं लांबून डोळे वटारले.

पानं मांडायची तयारी चालली होती. मला उन्हानं गरगरल्यासारखं झालं, म्हणून पाणी प्यायला आत गेले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं.

आई खाली बसली होती. परात बाजूला सरकवलेली. पुढ्यात पोळपाट होता, आणि ती लाटण्यानं भाकरी लाटत होती. थापत नव्हती, लाटत होती. लाटणं धरलेला उजवा हात मी कितीतरी दिवसांनी नीट बघितला. बोटं आत वळलेली, सांधे सुजून गाठी झालेल्या. ती तळव्याच्या कडेनं लाटणं पुढं ढकलत होती आणि ओठ दाबत होती. परातीशेजारी माझी पिशवी होती, तिच्याशेजारी घरातल्या गव्हाच्या पिठाचा डबा, झाकण उघडं.

ज्वारीचं पीठ लाटत नाही, तुटतं. गव्हाची मूठ टाकली की लाटतं. भाकरी लाटणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं, आणि तिला ते कुणाला कळू द्यायचं नसतं. ती अख्खी गोल भाकरी, कडेला एक चीर नसलेली, जिच्याकडं मी बघत राहायचे.

आईनं वर बघितलं. आधी हात लपवला, मग डबा.

"आई, त्यात गहू टाकलास?"

"मूठभर गं. मूठभरानं काय व्हतंय?" ती भराभर बोलायला लागली. "थापायला गेलं की बोटंच उघडत न्हाईत. निसत्या ज्वारीची तुकडे तुकडे व्हती. जावयासमोर, गल्लीतल्या बायांसमोर, लेकीच्या ताटात मी तुकडे वाढू का?"

"किती दिवस टाकतेस?"

तिनं लाटण्याला चिकटलेलं पीठ पुसलं. मग म्हणाली, "तू हिंगाचं सांगितलंस तवा मला वाटलं, हिंगानंच व्हत असंल."

मला राग यायला हवा होता. माझा राग वेळ बघत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तिच्या त्या हाताकडं बघून माझ्या अंगातली सगळी हवाच गेली. आपण इतक्या खेपा आलो, ताटात भाकरी घेतली, वाहवा केली आणि ज्या हातानं ती केली तो हात एकदाही बघितला नाही. मी तवा बघितला, हिंग बघितला, डाव बघितला, माणसाच्या मनात काय आहे तेसुद्धा बघून झालं. आईचा हात बघायचा राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं केलं होतं मी, आणि इथं तर चोरही कुणी नव्हता.

"आई," मी म्हणाले, "तेवढ्यानंच होतं गं. तेवढ्यानंच माझं पोट जातं."

तिनं लाटणं खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

"पानं मांडली, आक्का," म्हणत वहिनी दारात आली. तिनं पोळपाट बघितला, उघडा डबा बघितला, आम्हा दोघींकडं बघितलं. डबा बघून तिचे डोळे एकदम मोठे झाले; तेवढ्यावरूनच कळलं की हे तिलाही नवीन होतं. तिनं दार आतून लावलं. लाटलेली भाकरी उचलून बाजूला ठेवली. परात घासली, माझा वेगळा ठेवलेला तवा काढला, हात धुतले, माझ्या पिशवीतलं पीठ घेतलं आणि कढत पाणी ओतून मळायला बसली. परातीवर तिच्या हाताचा आवाज व्हायला लागला. आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे मिटले होते, पण कान त्या आवाजाकडं होते, हे मला दिसत होतं.

पंगत बसली. नवऱ्याच्या ताटात तुपात बुडालेले धोंडे, मी त्याच्या शेजारी. वहिनी माझी भाकरी घेऊन आली. गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "हाव, हीच ती भाकरी. या वयातबी म्हातारीनं हात सोडला न्हाई बगा."

"व्हय की," वहिनी म्हणाली. "आत्यांच्याच हातची हाय. खावा आक्का."

नवऱ्यानं ताटाआडून माझ्या गुडघ्याला धक्का दिला, खाऊ नको म्हणून. मी मान हलवली आणि भाकरी मोडली. ज्या बाईला मी याच घरात सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले होते, तिनं केलेली भाकरी तिनंच सासूच्या नावावर टाकली होती, आणि मी मान खाली घालून खात होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दोन्ही हात पदराखाली.

भांडी आवरताना मी वहिनीजवळ गेले. "तुला माहीत होतं?"

"लाटतात, ते ठावं व्हतं. गव्हाचं न्हाई. देवाशप्पत न्हाई."

"मग मी तुला बोलले तेव्हा का नाही सांगितलंस? आई करते भाकरी, तिला विचारा, असं तरी म्हणायचं."

वहिनी ताट घासत राहिली. "तुमी दोन दिस बोलून नांदेडला जाता आक्का. मला त्यांच्यासंगं रोज ऱ्हायचंय. त्यांची बोटं चारचौघांत उघडी पडली असती, तर त्यांनी पुन्हा मान वर केली असती का?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं तेवढ्यात, "ती परात द्या हिकडं," म्हणून हात पुढं केला. मी परात दिली. वर्गात पोरांना चूक झाली की कबूल करायला लावते मी, आणि इथं परात देऊन सुटले. पुढं फोनवर मागितली माफी, तेव्हा ती म्हणाली, "असू द्या आक्का," आणि ऊन किती आहे ते सांगायला लागली.

त्या खेपेला नांदेडला आल्यावर माझं पोट ठणठणीत राहिलं. नवरा रोज सकाळी विचारायचा, मी रोज बरी असायचे. तो खूश होता. माहेर राहिलं, आतडंही राहिलं.

दोन-तीन दिवसांनी आईचा फोन आला.

"पोट कसं हाय माय?"

"छान आहे. काहीच झालं नाही."

इतकी वर्षं ती हेच विचारत होती आणि हेच उत्तर ऐकायला आसुसलेली होती.

"तिच्या भाकरीला पदर चांगला सुटला व्हता का गं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"मग बरंय. आता तिच्याच हातची खात जा," असं म्हणून तिनं फोन ठेवला, आणि मला बरी असल्याची लाज वाटली.